कूलर उतरवण्याचा हंगाम

विदर्भात होळीची राख पुरती निवलेली नसते तोच घरोघरी कूलर काढण्याची जी लगबग सुरू होते, तिला एखाद्या व्रताचे गांभीर्य असते: माळ्यावरून पंप खाली येतो, पत्र्यावर रंगाचा हात फिरतो, वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या नव्या ताट्या बसतात, आणि पहिल्या पाण्याबरोबर ओल्या मुळांचा गंध खोलीत शिरला की वडीलधारी मंडळी उन्हाळा रीतसर रुजू झाल्याचे मान्य करतात. आगमनाची सिद्धता इतकी काटेकोर असताना त्याच यंत्राच्या निरोपाविषयी आपण जी हयगय करतो ती विलक्षण आहे. आणि कूलरच्या देखभालीचा खरा हंगाम मार्च नसून जूनचा मध्य होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्र नवे असले तरी युक्ती जुनी आहे. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडून दालने थंड राखण्याचा उल्लेख ‘ऐने-अकबरी’त आहे, आणि इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांच्या दारांवर वाळ्याच्या ताट्या लटकत, त्याही याच न्यायाने. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. म्हणून मे महिन्यातील नागपूरची ४३-४४ अंशांची, आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरलेली हवा ओल्या ताटीतून गेली की १२ ते १५ अंशांनी निवते. मात्र मृगाच्या सरींनी हवाच ओलावली म्हणजे तिच्यात आणखी बाष्प सामावण्यास जागा उरत नाही, आणि तरीही सवयीने कूलर चालू ठेवणारा गृहस्थ गारवा नव्हे, तर अंथरुणाचा दमटपणा व भिंतीची बुरशी विकत घेत असतो.

वाफ पाण्याची होते, क्षारांची होत नाही, ही साधी गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. बोअरवेलचे जड पाणी रोज नुसते वरून भरत राहिले की टाकीतील क्षारांचे प्रमाण दिवसेंदिवस चढत जाते. ताटीच्या वरच्या नळीची बारीक भोके पांढऱ्या खड्याने बुजतात, त्या भोकांखालचा ताटीचा पट्टा कोरडा ठणठणीत राहतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यातून बाहेरची झळ बिनदिक्कत आत येते. गृहस्थ मात्र पंपाला दोष देऊन बाजार गाठतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसणे, नळीची भोके सुईने मोकळी करणे आणि खडा व्हिनेगरने किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने सोडवणे, एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र नांदत असल्यामुळे अर्थिंग तपासून घेणे, ३० मिलिॲम्पिअरचे गळतीरोधक बसवणे आणि पाणी भरताना किंवा आत हात घालताना बटणावर विसंबून न राहता प्लगच काढणे, हेही ओघाने आलेच. कूलरच्या धक्क्याने माणूस दगावल्याच्या बातम्या दरसाल छापून येतात आणि दरसाल आपण त्या वाचून पान उलटतो.

पण जूनमधील हयगयीची किंमत याहून भारी आहे. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर चढवलेला अवजड पत्र्याचा कूलर उतरवायचा कोणी, या आळसापायी तो तेथेच राहतो; पावसाचे पाणी टाकीत साचते, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास त्या पाण्यात आठ-दहा दिवसांत उरकतो. हा डास आपली अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला चिकटवतो आणि ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणजे पाणी ओतून देऊन कर्तव्य संपत नाही, टाकीच्या भिंती काथ्याने खरवडून घासाव्या लागतात. घासणे, वाळवणे, जुनी ताटी काढून टाकणे, आणि कूलर उतरवणे अशक्यच असेल तर टाकीचे बूच उघडे ठेवून वरून ताडपत्री घट्ट बांधणे, हा सारा अर्ध्या दिवसाचा मामला आहे.

महानगरपालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघर फिरून कूलरमध्ये अळ्या शोधतात, हे स्तुत्यच आहे. परंतु अळ्या सापडल्यावर बजावलेल्या नोटिसेपेक्षा पहिल्या पावसाआधी दिलेली ताकीद अधिक उपयोगी, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नसावी. मार्चमध्ये ज्या कारागिरांना श्वास घ्यायला फुरसत नसते, ते जूनमध्ये रिकामे असतात. गृहनिर्माण संस्थांनी त्यांच्याशी सरसकट बोली करून इमारतीतील सारे कूलर एकाच रविवारी उतरवून, घासून घेण्याची तजवीज केली, तर दर माणशी खर्च किरकोळ पडेल. खरी पंचाईत आहे ती ज्यांना धनी नाही अशा कूलरांची: भाड्याच्या खोल्या, वसतिगृहे आणि सर्वांवर कडी म्हणजे सरकारी कचेऱ्या. तेथे प्रत्येक कूलर डेडस्टॉक रजिस्टरात दाखल असतो, म्हणजे तो कोणाच्या तरी ताब्यात असल्याचे सरकारदरबारी मान्य आहे. त्या कारकुनाकडून जूनअखेर ‘टाकी रिकामी, घासलेली व कोरडी’ असा शेरा सहीनिशी मागून घेण्यास नव्या कायद्याची आवश्यकता नाही, कार्यालयप्रमुखाचे एक परिपत्रक पुरे आहे.