सोनौलीच्या पलीकडे फोन मुका होतो



यंदाच्या थंडीत लोणारच्या आमच्या वस्तीतून २१ उपासक-उपासिका धम्मयात्रेला निघाल्या. वर्षभर महिना थोडेथोडे साठवून जमवलेला पैसा. तिकिटे, जेवणखाण, मुक्काम, सारा हिशेब आमच्याकडे. लोणारला रेल्वे नाही. एसटीने जालना, तिथून गाड्या बदलत पुढे. सारनाथ झाले, कुशीनगर झाले. रोज संध्याकाळी घरी फोटो जात, सुना-नातवंडे फोनवर बोलत. मग सोनौलीची कमान ओलांडली आणि थोड्याच वेळात सगळ्यांचे फोन मुके झाले.

चूक आमचीच. व्हिसा लागत नाही, हिंदी चालते, शंभराची नोट दुकानदार घेतो. त्यामुळे आपण परदेशात आलो हे मनाला पटतच नाही. मोबाईल कंपनीला मात्र ते लगेच पटते.

बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी नेपाळला, काठमांडूला गेले होते. त्या देशात आपण पाय ठेवला याचेच अप्रूप मोठे. लुंबिनीत अशोकाचा स्तंभ पाहताना फोनची आठवण कुणाला राहणार? रात्री जेवणे झाल्यावर मात्र मावशी विचारू लागल्या, "साहेब, घरी लागत कसा नाही?"

घरी काय चालले होते ते दुसऱ्या दिवशी कळले. २३ ऑगस्ट २०२४ रोजी जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरूंची बस नेपाळात मर्स्यांगदी नदीत कोसळली होती, पंचवीसहून अधिक माणसे गेली होती. ती बातमी आपल्याकडे कोण विसरेल? एकाचा फोन लागेना, दुसऱ्याचा लागेना, की कुणीतरी 'बस' हा शब्द उच्चारला. रात्री एकपर्यंत माणसे विहारासमोर उभी होती.

सकाळी भैरहव्याच्या बाजारात एका दुकानात तिथले सिम घेतले. एका फोनचे हॉटस्पॉट लावून बाकीचे व्हॉट्सअ‍ॅप सुरू केले. मावशींचा मुलगा पलीकडून एवढेच म्हणाला, "आई, तू बोल. काहीबी बोल." आम्ही बाहेर जाऊन उभे राहिलो.

म्हणून जाणाऱ्यांनी हे घरूनच करावे. आपल्या कंपनीच्या दुकानात जाऊन परदेशातील रोमिंग सुरू करून घ्यावे. नेपाळसाठी कोणता रिचार्ज, किती दिवसांचा, हे तिथेच विचारावे. सीमा ओलांडल्यावर विचारायला फोनच नसतो. रोमिंग महाग वाटले तर तिकडे नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचे सिम मिळते. ओळखपत्र आणि फोटो लागतो. जवळ पासपोर्ट नसेल तर कोणते ओळखपत्र चालेल, हे पैसे देण्याआधी विचारावे. सीमेवर आधार पुढे करू नये, मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे. किंमत भारतीय रुपयात सांगतो की नेपाळी, तेही विचारावे. आपले १०० म्हणजे तिकडचे १६०, आणि घाईत हा फरक खिशाला लागतो.

नवे सिम दुसऱ्या खाचेत घालावे, आपले काढून टाकू नये. बँकेचा ओटीपी आपल्याच नंबरवर येतो, आणि तोही रोमिंग सुरू असेल तरच. आमच्यातल्या एका भावाने सिम काढून कागदात गुंडाळले, कागद कचऱ्यात गेला, आणि बँकेतले पैसे जवळ असूनही उसने घ्यावे लागले. नव्या सिमवर इंटरनेट चालू असताना आपल्या सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवावे, नाहीतर शिल्लक कधी संपली ते कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅप नंबर बदलायचा का असे विचारते, तेव्हा 'नाही' म्हणावे. जुन्याच नंबरवर ते चालते. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे, हे कळेपर्यंत आमची एक बस चुकली. असो.

सगळ्यांनी सिम घेण्याची गरज नाही. एकवीस जणांत तीन फोन चालू असले आणि ते तीन नंबर घरोघरी दिलेले असले तरी पुरते.

पुढच्या यात्रेची नावे घेणे सुरू आहे. मावशींनी पहिले नाव दिले. त्यांचा बटणाचा फोन आहे, म्हणून त्यांच्या मुलाचा नंबर आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.