वजीर गेल्यावर

  आज एका बापाने खिडकीतून केलेल्या खुणेवर लिहायचं आहे. ती पाहिल्यापासून मला राग आला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. जाताना ग्रँडमास्टर नसलेली ही एकोणीस वर्षांची मुलगी परतली ती ग्रँडमास्टर होऊन. आपल्या नगर जिल्ह्याचा शार्दुल गागरे तर 2016 सालीच ग्रँडमास्टर झाला होता. अशा नावांमुळे पारनेरसारख्या तालुक्याच्या गावातही आईबाप पोरांना पटापुढे बसवू लागले आहेत. फार चांगली गोष्ट आहे.

मुलांच्या अशाच एका बुद्धिबळ स्पर्धेत चौथी-पाचवीतली एक मुलगी खेळत होती. समोरच्या मुलाच्या घोड्याने तिच्या राजाला शह दिला आणि त्याच उडीत वजिरावरही नेम धरला. राजा हलवावाच लागला, वजीर गेला. तिचे डोळे भरले. खिडकीबाहेरून तिच्या वडिलांनी हाताने खूण केली : हात मिळव आणि ऊठ. त्यांना परतीची घाई असेल, मुलीची फजिती बघवत नसेल. पण डाव तिचा होता. सोडायचा की नाही, हे तिनेच ठरवायला हवं होतं.

तिने खिडकीकडे पाहिलं आणि पुन्हा पटाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हत्ती शाबूत होते. वजीर मारल्यापासून तो मुलगा भराभर खेळू लागला होता. जिंकल्यातच जमा, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तिकडच्या कोपऱ्यातली प्यादी टिपत त्याचा वजीर दूर गेला. राजा मात्र घरातच होता, पुढे तीन प्यादी एकाही घराने न हललेली, आणि मागची पट्टी राखायला कुणी नाही. मुलीने हत्ती सरळ शेवटच्या पट्टीवर नेला. मात! त्या मुलाला काय झालं ते कळायलाच वेळ लागला.

हे नशीब नव्हे. वजिराची किंमत 9 धरतात, हत्तीची 5, उंट-घोड्याची 3. पण राजाची किंमत कुणी धरत नाही, कारण डाव त्याच्यावरच संपतो. समोरच्याचा राजा कोंडलेला असेल तर हातात वजीर असो वा हत्ती, मात ती मातच.

1956 सालची दोन उदाहरणं मला नेहमी आठवतात. ॲमस्टरडॅमला पेट्रोशनचा डाव जवळजवळ जिंकलेला होता. समोरच्या कसलेल्या ग्रँडमास्टर ब्रॉनस्टाइनचा घोडा आपल्या वजिरावर आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. वजीर गेला, त्याने तिथेच डाव सोडला. हाच पेट्रोशन 1963 मध्ये जगज्जेता झाला. त्याच 1956 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनल्ड बर्नला स्वतःहून वजीर मारू दिला. बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं घेतलं आणि 41 व्या चालीला मात केली. पेट्रोशनने डाव सोडला ते बरोबरच होतं, कारण समोर ब्रॉनस्टाइन होता. दहा वर्षांच्या पोरीसमोर ब्रॉनस्टाइन नसतो. तिच्यासमोर तिच्याच वयाचं, तिच्याइतक्याच चुका करणारं पोर असतं.

शिवाय आठव्या घरात पोचलेल्या कुठल्याही प्याद्याचा आज वजीर करता येतो. आपल्या देशी डावात एवढी मोकळीक नव्हती. तिथे प्यादं ज्या पट्टीत पोचेल त्या पट्टीचं मोहरं व्हायचं. हत्तीच्या पट्टीत गेलं तर हत्ती, उंटाच्या पट्टीत उंट. वजीर परत हवा तर प्याद्याला राजा-वजिराच्या पट्टीतूनच वाट काढावी लागे. पहिल्या चालीला दोन घरं पुढे जायची सोयही प्याद्याला नव्हती. राजाला मात्र, शह बसण्याआधी, घोड्यासारखी एक उडी मिळे. समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटाच उरला तर ती बुर्जी. मग पुरता विजय नाही, अर्धाच. त्यामुळे वरचढ खेळाडूलाही समोरचं शेवटचं मोहरं जपून ठेवून मात करावी लागे, आणि प्याद्याने मात केली तर तिचा मान सगळ्यांत मोठा. त्या खेळात वजीर गेलेल्या माणसाला शेवटपर्यंत काही ना काही करण्याजोगं उरत असे. देवळाच्या ओवरीत दुपारभर चालणारे ते डाव उगाच लांबत नव्हते.

हे नियम भागाभागात थोडे बदलत. ते माहीत असलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. पारनेर, सुपा, निघोज, टाकळी ढोकेश्वर या भागांत ज्यांच्या घरी असे आजोबा असतील, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत त्यांना पट मांडून द्यावा, समोर नातवाला बसवावं आणि आजोबा सांगतील ते नियम वहीत उतरवून घ्यावेत. स्पर्धेला येणाऱ्या आईबापांनाही एक विनंती आहे : पोर खेळत असताना खिडकीपाशी उभे राहू नका.