थांब म्हटलं की थांबायचं असतं, साहेब

क्लाउडवर चालणाऱ्या कुठल्याही प्रणालीत खरं बोलणारा इसम एकच असतो. तो म्हणजे डेटाबेस. बाकी सगळे थापाडे. डॅशबोर्ड सरासरी दाखवतो, म्हणजे सभ्यपणे थाप मारतो. अ‍ॅपवरचं गोल फिरणारं चक्र काहीतरी चाललंय असा आव आणतं. आत सगळा शुकशुकाट असतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ‘अमर्याद’ परिच्छेदागणिक भेटतो आणि मर्यादांची यादी वेगळ्या पानावर राहते, जिकडे कुणी फिरकत नाही. अशा मंडळींत डेटाबेस तेवढा स्वच्छ सांगतो, बाबांनो, सेकंदाला जेवढं ठरलं होतं त्यापुढे गेलात, जरा दमानं घ्या. याला म्हणायचं थ्रॉटलिंग. आणि या सत्यवचनावर आमचे आर्किटेक्टसाहेब (भिंतीवर प्रमाणपत्रं, लिंक्डइनवर ‘इव्हँजेलिस्ट’) काय करतात? तीच विनंती पुन्हा पाठवतात. लगेच. त्याच जोमानं.

असला कोड वाचणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे, तेव्हा तक्रार नाही. पण कौतुक तर करू द्याल? एरर आली, पुन्हा कर. पुन्हा आली, पुन्हा कर. तीन वेळा. तीनच का? विचारू नका. त्रिदोष, त्रिफळा, त्रिवार वंदन. आपल्याकडे तीन म्हटलं की शास्त्राधार मागायचा नसतो. गंमत पुढेच आहे. डेटाबेसशी बोलणारा थर तीनदा रिट्राय करतो. त्याच्या वरच्या सर्व्हिसचा लेखक वेगळा, तोही दक्ष, तोही तीनदा करतो. ब्राउझरमधली स्क्रिप्ट लिहिणारा तर दोघांहून दक्ष. प्रत्येक थराचा मूळ प्रयत्न एक आणि वर तीन, म्हणजे चार. चार गुणिले चार गुणिले चार. गूगलच्या २०१६ सालच्या एसआरई पुस्तकात हे गणित मांडलेलं आहे. माणसानं बटण दाबलं एकदा, डेटाबेसच्या दारावर थापा चौसष्ट. चौसष्ट कलांच्या देशात आम्ही हीही एक वाढवली. आणि त्यात तो माणूस वैतागून रिफ्रेश मारणार, ते वेगळंच.

पंगतीत वाढपी ‘आलोच’ म्हणाला आणि शंभर पानांवरून एका सुरात ‘मठ्ठा! मठ्ठा!’ सुरू झालं, तर मठ्ठा लवकर येत नाही. वाढपी पातेलं खाली ठेवतो आणि मांडवाबाहेर जातो.

अतिशयोक्ती वाटते? २० सप्टेंबर २०१५ची पहाट आठवा. अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात डायनॅमोडीबी कोलमडला. साठवणुकीचे सर्व्हर अधूनमधून एका अंतर्गत मेटाडेटा सेवेला विचारायचे, माझ्याकडे कुठली पार्टिशन्स आहेत? नेटवर्कला एक क्षुल्लक ठसका लागला आणि पुष्कळ सर्व्हरांनी एकदमच विचारलं. सेकंडरी इंडेक्सेसचा वापर वाढल्यानं उत्तरं आधीच लांबली होती; ती वेळेत पोचेनात. उत्तर न मिळालेले सर्व्हर नियमाप्रमाणे कामातून बाजूला झाले आणि बाजूला बसून पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मेटाडेटा सेवेची क्षमता वाढवावी, तर ती इतकी गांजलेली की वाढवण्याचा हुकूमही तिच्या कानी जाईना! शेवटी अभियंत्यांनी तिच्याकडे जाणाऱ्या विनंत्याच थांबवल्या, मग क्षमता वाढवली, आणि पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सातच्या सुमारास गाडी रुळावर आली. हे कंपनीनं स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवलंय. डेटाबेस विकणाऱ्यांना त्यांच्याच सर्व्हरांच्या रिट्रायनं आडवं केलं. आणि आमचे साहेब म्हणतात, रिट्राय टाकलाय ना, मग सिस्टीम रेझिलियंट आहे.

नाही, बॅकऑफ त्यांना माहीत असतो. मुलाखतीत विचारतात ना. पहिल्यांदा एक सेकंद थांब, मग दोन, मग चार. पाठ आहे. पण हजार ग्राहक एकाच क्षणी नाकारले गेले आणि हजारही जण बरोबर एक सेकंद थांबले, तर एका सेकंदानं तेच हजार, त्याच दारात, त्याच क्षणी. मग बरोबर दोन सेकंदांनी. कवायतच ती. त्यावर उतारा म्हणून थांबण्याच्या वेळेत थोडा यदृच्छेचा मसाला घालायचा, त्याला जिटर म्हणतात. हे ज्ञान काल हिंजवडीत उगवलेलं नाही. मेटकाफ आणि बॉग्ज यांच्या १९७६च्या इथरनेटवरील निबंधात यादृच्छिक थांबणं आहे आणि टक्कर झाली की थांबण्याचा सरासरी काळ दुप्पट करणंही आहे. अ‍ॅमेझॉनच्या मार्क ब्रूकरनं २०१५ साली आलेख काढून दाखवलं की जिटरविना नुसता बॅकऑफ म्हणजे गर्दीची फक्त वेळ बदलणं. म्हणजे अर्धशतक उलटलं. अजून किती वाट पाहायची? की वाट पाहण्याचं वावडंच आहे?

विक्रेते तरी सरळ आहेत का? छे. डायनॅमोडीबी मर्यादा ओलांडल्याची एरर एचटीटीपीच्या ४०० क्रमांकानं पाठवतो. ४०० म्हणजे विनंतीच चुकीची, ती पुन्हा पाठवू नका, सुधारून पाठवा. नेमक्या याच कामासाठी एप्रिल २०१२ मध्ये ४२९ हा क्रमांक रीतसर प्रमाणित झालेला आहे, पण डायनॅमोडीबी जानेवारीत जन्मला होता. तीन महिन्यांनी थोरला, म्हणून थोरल्यांचा हट्ट. परिणाम असा की फक्त ५०० आणि ४२९ वर रिट्राय करणारं एखादं गुणी साधन इथे ढिम्म हलत नाही. मायक्रोसॉफ्टचा कॉसमॉस डीबी निदान ४२९ देतो आणि किती मिलिसेकंद थांबायचं तेही हेडरमध्ये लिहून देतो. इतकं लिहून देऊनही तो हेडर न वाचता स्वतःचा आकडा ठोकणारे महाभाग आहेत. त्यांना मी काय सांगणार? मी तर हेडरसुद्धा नाही.

सगळ्यात मोलाचा नमुना मात्र बॅच राइट. डायनॅमोडीबीत एका वेळी पंचवीस नोंदी पाठवता येतात. त्यातल्या अठरा लिहिल्या गेल्या, सात थ्रॉटल झाल्या, तर उत्तर काय येतं? २००. यशस्वी! आणि उत्तराच्या पोटात एक यादी: न लिहिलेल्या सात. ती यादी वाचायची तुम्ही. वाचतं कोण? एररच आली नाही म्हटल्यावर आमचा वीर पुढच्या पंचविसांकडे वळतो आणि सात नोंदी अनंतात विलीन होतात. तीन महिन्यांनी हिशेब जुळत नाही तेव्हा ‘डेटाबेस डेटा खातो’ अशी आवई उठते. खात नाही हो. त्यानं पावती दिली होती.

थ्रॉटल आणि टाइमआउट एकाच कॅचमध्ये कोंबणारे याच घराण्यातले. थ्रॉटल म्हणजे काम झालेलं नाही, नक्की. टाइमआउट म्हणजे झालं असेल, नसेलही, देव जाणे. पहिल्यात पुन्हा पाठवलं तर बिघडत नाही. दुसऱ्यात खात्यातून पैसे वजा करणारी विनंती डोळे मिटून पुन्हा पाठवली, तर ग्राहकाचे पैसे दोनदा जातात. साहेबांच्या लेखी दोन्ही ‘ट्रान्झिएंट’. पैसेही ट्रान्झिएंटच निघाले, त्याला कोण काय करणार?

आता पार्टिशन की. ‘आजची तारीख’ ही पार्टिशन की ठेवण्याची बुद्धी कुठून येते, हा मानसशास्त्राचा विषय आहे. दिवसभराचं सगळं लिखाण एकाच किल्लीखाली. डायनॅमोडीबीच्या एका पार्टिशनची कमाल झेप ठरलेली, सेकंदाला एक हजार लेखन-एकक, एक एकक म्हणजे एक केबीपर्यंतची एक नोंद. टेबलाला तुम्ही चाळीस हजारांची क्षमता विकत घ्या; आजची तारीख हजारालाच गुदमरणार आणि कालची, परवाची पार्टिशन्स झोपा काढणार. गरम पार्टिशन आपोआप फोडण्याची सोय कंपनीनं पुढे आणली खरी, पण चढत्या वेळेनं कायम शेपटाकडेच लिहिणाऱ्याला तीही तारत नाही. मग बैठक बसते. पडद्यावर आलेख: सरासरी वापर अगदीच थोडा. थ्रॉटलिंग मात्र धो धो. सगळे गंभीर. एक जण सुचवतो, क्षमता दुप्पट करू. ठराव एकमतानं मंजूर. बिल दुप्पट, एरर तितक्याच. पुढच्या बैठकीत? ओळखलंत. चौपट.

‘पण लोड टेस्ट तर पास झाली होती!’ झाली असणारच. न वापरलेली क्षमता डायनॅमोडीबी तीनशे सेकंदांपर्यंत शिलकीत ठेवतो. तुमची लोड टेस्ट चार मिनिटांची. पुंजी खाल्ली, परीक्षा पास, केक कापला. सहाव्या मिनिटाला काय होतं, हे पाहायला खोलीत कुणी उरलेलंच नव्हतं.

मग येतो ब्रह्मास्त्राचा मान मिळालेला ‘ऑन-डिमांड’. २०१८ पासूनची सोय. क्षमतेचा विचारच करायचा नाही, वापराल तेवढे पैसे. ‘अमर्याद’चा इथे पुनर्जन्म होतो. पान उलटलं की बारीक अक्षरं: आधीच्या सर्वोच्च भाराच्या दुपटीपर्यंत लगेच झेपेल, तीस मिनिटांच्या आत त्याहून पुढे गेलात तर थ्रॉटल होऊ शकाल. गूगलचा फायरस्टोअर याबाबतीत निर्लज्जपणे प्रामाणिक: नव्या कलेक्शनवर सेकंदाला पाचशेपासून सुरुवात करा, दर पाच मिनिटांनी पन्नास टक्के वाढवा. थोडक्यात, अनंताकडे जायचंय, पण शिस्तीत, रांगेनं.

करायचं काय, हे तुमच्यासारख्या वाचकाला मी सांगणं म्हणजे उद्धटपणाच. रिट्राय एकाच थरात ठेवायचा, त्याला बजेट लावायचं. तातडी नसलेलं लिखाण रांगेत टाकायचं. फारच भार आला तर काही विनंत्या दारातच, नम्रपणे, लवकर नाकारायच्या. थोडे ४२९ आले तरी बेशुद्ध पडायचं नाही. एकूण वेग ठीक असेल तर एक ते पाच टक्के ४२९ हे क्षमता पुरेपूर वापरल्याचं सुलक्षण, असं मायक्रोसॉफ्टच लिहितं. पण ‘झीरो एरर’चं उद्दिष्ट घेतलेल्या व्यवस्थापकाला हे सांगून पाहा. तो एरर कमी करत नाही, एररची नोंद बंद करतो.

एका दुकानाचा पोस्टमॉर्टेम अहवाल मला वाचायला मिळाला होता, ऑनलाइन दुकान, नाव कशाला? दिवाळीचा सेल. शहरभर होर्डिंग, वर्तमानपत्रांची पहिली पानं, प्रत्येक फोनवर सूचना: बरोबर रात्री बारा वाजता या. लोक बरोबर बारा वाजता आले. अहवालातलं मूळ कारण: ‘अनपेक्षित ट्रॅफिक’. उपाय एक: क्षमता दुप्पट. उपाय दोन: प्रत्येक थरातले रिट्राय तीनवरून पाचवर. सहाचा घन तुम्हीच काढा, मला हसू आवरत नाही.