कोथिंबीर हिरवीगार, पण पाणी कुठले?

नाशिकच्या बाजार समितीतून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या थेट मुंबईपर्यंत जातात. मेथी शिजते, कोथिंबीर बहुधा कच्चीच खाल्ली जाते.

धोका कशाचा? सांडपाणी मिसळलेले पाणी आणि न कुजलेले शेणखत यांतून ई-कोलाय, साल्मोनेला हे जिवाणू पानांवर येतात. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून पसरलेल्या ई-कोलायने ५०हून अधिक बळी घेतले.

धुतल्याने भागते का? जिवाणू कमी होतात, संपत नाहीत. नीट शिजवल्यावरच मरतात.

उपाय काय? शेणखत पूर्ण कुजवणे, काढणीनंतर जुड्या स्वच्छ पाण्यानेच धुणे. पण शहराचे सांडपाणी प्रक्रियेविना गोदावरीत मिसळत राहिले, तर खालच्या गावांतल्या शेतकऱ्याने स्वच्छ पाणी आणायचे कुठून?