खोकरीला गाडी थांबवा

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात गेलो. चहूबाजूंनी खारा दर्या आणि आत गोड्या पाण्याचे तलाव! १९४८ पर्यंत हा किल्ला सिद्दींकडेच राहिला. गाइडने कलालबांगडी तोफ रंगवून सांगितली. पडकी मशीद मात्र एका वाक्यात उरकली.

त्याला काय बोलायचे? जवळच खोकरीला सिद्दींच्या कबरींवरचे जुने घुमट आहेत. आम्हीच आधी दोनदा न थांबता पुढे गेलो होतो. या वेळी उतरून फातिहा पढलो. सिद्दी मूळचे हबशातले, असे सांगताच धाकटी म्हणाली, "म्हणजे हजरत बिलाल (रजि.) यांच्याकडचे?"

आगरदांड्याच्या फेरीबोटीत मग तोच विषय. संध्याकाळी हर्णै बंदरावर, सुवर्णदुर्गासमोर, माशांचा लिलाव गाठला. सुरमई परवडेना, बांगडे घेतले.