खेळ स्वस्त, वेळ महाग!
विशेष प्रतिनिधी

पुणे – बालवाडीच्या प्रवेशाचा हंगाम आला की महानगरांतील पालकांची धावपळ सुरू होते. वातानुकूलित वर्ग, परदेशी बनावटीची खेळणी आणि चकचकीत माहितीपत्रके यांवरून शाळेचा दर्जा ठरविला जातो. तीन वर्षांच्या मुलाची वही अक्षरांनी भरलेली दिसली, तर शुल्काचे चीज झाल्याचे समाधान पालकांना मिळते. वास्तविक या वयातील शिक्षणासाठी लागणारे बहुतेक साहित्य प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात आणि अंगणात विनामूल्य उपलब्ध असते. तरीही ते शाळांतून आणि घरांतून हद्दपार का होत आहे, हा प्रश्न नव्या शैक्षणिक धोरणाच्या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा ठरतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटाला 'पायाभूत स्तर' म्हणून शालेय रचनेत स्थान दिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी विहित पाठ्यपुस्तकेच नकोत, अशी भूमिका घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'जादुई पिटारा' हा खेळणी, कोडी, चित्रपट्ट्या आणि गोष्टींच्या पुस्तकांचा संच सादर केला, तर त्याच वर्षी अंगणवाड्यांसाठी 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम सुरू झाला. खेळ हेच शिक्षण, हे तत्त्व सरकारी पातळीवर आता मान्य झाले आहे.

कोसबाडचा वारसा

महाराष्ट्राला हे तत्त्व नवे नाही. इटलीत मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. स्पर्श, गंध, ध्वनी, आकार यांच्या अनुभवातून मूल शिकते, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. तथापि त्यांची साधने खर्चिक होती. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ही पद्धत भारतीय मातीत रुजविली. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. तेथे लाकडी मण्यांची जागा बियांनी घेतली. शिंपले, खडे, पाने आणि माती हीच शैक्षणिक साधने बनली. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली आणि 'अंगणवाडी' ही कल्पना आकारास आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने हा शब्द देशभर नेला.

टाकाऊतून टिकाऊ ही परंपरा पुढेही खंडित झाली नाही. पुण्यातील 'आयुका'च्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि रद्दी कागद यांतून असंख्य खेळणी बनवून दाखविली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

खेळामागचे शास्त्र

या खेळांकडे 'वेळ घालविण्याचे साधन' म्हणून पाहणे चुकीचे आहे. कणकेचा गोळा मळणे, वळणे, चिमटे काढणे यांतून बोटांचे लहान स्नायू बळकट होतात. पेन्सिल धरण्यासाठी याच स्नायूंची गरज असते. ते तयार होण्यापूर्वीच लेखनाची सक्ती केल्यास हात दुखतो आणि अक्षराविषयी नावड निर्माण होते. एका भांड्यातील पाणी दुसऱ्यात ओतताना मूल मापाचा पहिला धडा घेते. राजमा, चवळी आणि हरभरा वेगवेगळे करताना वर्गीकरण साधते, आणि गणिताचा पाया तेथेच घातला जातो. डोळे मिटून हिंग, वेलची, कढीपत्ता ओळखताना किंवा गोणपाट व रेशमी कापड चाचपताना नवे शब्द सहज जिभेवर येतात. हळद, बीट आणि पालकाचा रस हे घरगुती रंग ठसेकामाला पुरेसे असतात. ठशांसाठी भेंडीचा तुकडा वा कापलेला बटाटा चालतो.

अर्थात, काही पथ्ये आवश्यक आहेत. तीन वर्षांखालील मुले हाती आलेली वस्तू तोंडात घालतात वा नाकात कोंबतात. त्यांना सुटे कडधान्य, मणी, चिंचोके देऊ नयेत. पाण्याच्या बादलीजवळ मुलाला क्षणभरही एकटे सोडणे धोक्याचे असते.

अडते कुठे?

मग अडचण कोणती? पहिली अडचण हिशेबाची आहे. कणकेचा हत्ती दिवसअखेर मोडला जातो; वही मात्र घरी जाते. दिसणाऱ्या प्रगतीसाठी शुल्क आकारणे सोपे असते. पालकांची भीतीही सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही. पहिलीत येणाऱ्या मुलाला अक्षरओळख असणारच, असे अनेक शाळा गृहीत धरतात. पहिलीचा वर्ग बदलल्याशिवाय बालवाडी बदलणार नाही.

दुसरी अडचण कायद्याची आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क देतो. त्याखालील वयासाठी राज्यांनी व्यवस्था करावी, एवढीच अपेक्षा त्यात आहे.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. साहित्य फुकट असले तरी ते मांडणारा, मुलाशी बोलणारा आणि नंतरचा पसारा आवरणारा मोठा माणूस फुकट मिळत नाही. अंगणवाडी सेविकेला पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी आणि मोबाइलवरील माहिती भरणे यांतून वर्गासाठी वेळ काढावा लागतो. मानधनवाढ व अन्य मागण्यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविकांनी पुकारलेला संप जानेवारीअखेरपर्यंत चालला. शहरी घरांत आई-वडील दोघेही नोकरीवर असतात आणि मोबाइल मुलाच्या हाती जातो. महागड्या खेळसंचाची खरेदी ही पुष्कळदा वेळ न दिल्याची भरपाई असते.

त्यामुळे केवळ पिटारे वाटून हा प्रश्न सुटणार नाही. सेविकेला वर्गासाठी दिवसाचे निश्चित तास मिळावेत, एका शिक्षिकेकडील मुलांची संख्या आटोक्यात असावी आणि पहिलीच्या प्रवेशात अक्षरांची अट नसावी, यासाठी शासनाला खर्च व धैर्य दोन्ही दाखवावे लागेल. घरापुरता उपाय मात्र पालकांच्या हाती आहे. संध्याकाळी पोळ्या लाटताना मुलाच्या हाती कणकेची एक गोळी देण्यास कोणत्याही अध्यादेशाची आवश्यकता नाही.