मुलांचे स्वतःचे वाक्य

महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एक अनुभव दरवर्षी येतो. ‘चलनवाढीचे परिणाम स्पष्ट करा’ या प्रश्नाला तीस-चाळीस विद्यार्थी एकाच मार्गदर्शिकेतील तीच वाक्ये त्याच क्रमाने लिहितात. महागाईची झळ घरात रोज सोसणारा विद्यार्थीही तिच्याविषयी स्वतःचे एक वाक्य लिहावयास धजत नाही. या दुखण्याचे मूळ बालपणात आहे.

आपल्या घरांत ‘लिहायला बस’ याचा अर्थ ‘धड्यातला उतारा उतरवून काढ’ एवढाच असतो. अक्षर वळणदार व्हावे यासाठी हा सराव उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु उतरवणे म्हणजे लेखन नव्हे. अक्षर आपले आणि वाक्य दुसऱ्याचे, ही सवय पहिलीत जडली की पदवीपर्यंत सुटत नाही.

केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला आकलनासह वाचन-लेखन यावे, असे उद्दिष्ट ठेवले. तथापि चाळीस मुलांचे स्वतंत्र लेखन रोज वाचणे एका शिक्षकाला शक्य नाही. एका मुलाची चार वाक्ये वाचणे घरच्यांना मात्र सहज शक्य आहे. त्याला खर्चही नाही. पाठकोरे कागद आणि पेन्सिलीचा तुकडा पुरतो. वाणसामानाची यादी, दुधाचा हिशेब, गावी असलेल्या आजीला पत्र, कामावरून उशिरा येणाऱ्या वडिलांसाठी चिठ्ठी ही कामे मुलाकडे सोपवावीत. आपण लिहिलेले कोणाच्या तरी उपयोगी पडते, हे कळले की मुलाला लिहिण्याचा आग्रह करावा लागत नाही.

मात्र पालकांनी एक पथ्य पाळले पाहिजे. कागद हाती येताच ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर तुटून पडू नये. ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाने पाण्याविषयी काय लिहिले आहे, ते आधी वाचावे. शुद्धलेखन मागाहून शिकवता येते; एकदा आटलेला उत्साह परत आणणे अवघड असते. आईवडिलांना लिहिता-वाचता येत नसेल, तर मुलाने लिहिलेले वाचून दाखवावे आणि त्यांनी ते मन लावून ऐकावे. तेवढी दादही पुरेशी असते.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी मुक्ता ही फुले दांपत्याच्या शाळेतील मांग समाजातील विद्यार्थिनी होती. तिने कोणाची वाक्ये उतरवली नाहीत. आपल्या लोकांनी भोगलेले दुःख लिहिले. म्हणूनच तो निबंध आजही वाचला जातो.

आपल्या मुलांना एवढे मोठे काही लिहावे लागणार नाही. परंतु उद्या अर्ज, तक्रार वा मत मांडताना ज्याला दुसऱ्याचे वाक्य उसने घ्यावे लागते, त्याचे म्हणणेही हळूहळू दुसऱ्याचेच होऊन बसते. हे टाळण्यासाठी आज संध्याकाळी मुलाला इतकेच सांगावे: ‘आज तू काय पाहिलेस, ते मला लिहून दाखव.’